उधारीची वही आणि संभाव्यतेचा अभ्यासक्रम

"धंद्यात नशीब लागते" हे वाक्य आपल्या बाजारात दिवसातून दहादा ऐकू येते. माल पडून राहिला तर नशीब, उधारी बुडाली तर नशीब, आणि शेजाऱ्याचा माल हातोहात खपला तर तेही त्याचे नशीब. उद्या काय घडणार हे अल्लाहच जाणतो, याबद्दल वाद नाही. परंतु जे ठाऊक नाही, त्याचा अंदाज घेण्याची काही रीत आहे की नाही, एवढा प्रश्न व्यापाऱ्याने विचारण्यास हरकत नसावी. अशी रीत आहे. तिला संभाव्यताशास्त्र म्हणतात. त्याचा जो भाग दुकान, कारखाना, विमा, इस्पितळ यांच्या कामी येतो, त्याला उपयोजित संभाव्यता असे नाव आहे आणि तो विद्यापीठांतून रीतसर शिकवला जातो.

आम्ही हा अभ्यासक्रम वयाची पन्नाशी ओलांडल्यावर केला. आमचे परळला शिलाई साहित्याचे दुकान आहे. अस्तर, बटणे, धागा, चेन, कॅनव्हास हा आमचा माल, आणि दर्जी व कारखानदार ही आमची गिऱ्हाइके. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या योजनेत आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात, असे शेजारच्या चाळीतल्या एका मुलाने सांगितले. शटर खाली ओढल्यावर गल्ल्यावर बसून बारा आठवडे आम्ही ती ऐकली. पहिल्या आठवड्याच्या स्वाध्यायात दहापैकी दोनच उत्तरे बरोबर आली, हेही सांगून टाकतो. त्या मुलाने वही घेऊन समोर बसवले नसते, तर आम्ही तिथेच थांबलो असतो.

"हे तर जुगाराचे गणित"

ओळखीच्या एका बुजुर्गांना हे कळले तेव्हा त्यांनी हाच आक्षेप घेतला. आक्षेप अगदीच निराधार नाही. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींनी एकमेकांना पत्रे लिहून फाशांच्या खेळातील एक प्रश्न सोडवला आणि तेथून या शास्त्राची सुरुवात झाली, असे पुस्तकांत लिहिलेले असते. मात्र त्याच्या आठशे वर्षे आधी बगदादमध्ये अल-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्यासाठी प्रत्येक अक्षर किती वेळा येते ते मोजण्याची पद्धत लिहून ठेवली होती. मोजून अंदाज बांधणे ही या शास्त्राची अर्धी बाजू आहे, आणि तिचा जुगाराशी काही संबंध नाही.

शिवाय जुगार का खेळू नये, हे आम्हाला या अभ्यासक्रमाने जितके स्वच्छ दाखवले तितके कोणी दाखवले नव्हते. दाखला आपल्याच वस्तीतला घेऊ. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद होताना असलेला भाव मुंबईला येई आणि त्यावर येथे पैसे लावले जात. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेव्हापासूनचे. ते भाव येणे थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला निराळा मटका काढला. गिरण्यांच्या दारांशी आकडे घेणारे बसू लागले. परळ, लालबाग, वरळीतला गिरणी कामगार त्यांचे मोठे गिऱ्हाईक होता. धंदा बेकायदा, पण चालला तो दशकानुदशके.

हिशेब असा आहे. शून्य ते नऊ यांपैकी एक आकडा येणार. लावलेला आकडा आला तर रुपयाला नऊ रुपये, असा प्रचलित दर. दहा रुपये दहा वेळा लावले तर सरासरीने एकदा नव्वद रुपये मिळतील आणि एकूण शंभर गेलेले असतील. म्हणजे रुपयामागे दहा पैसे चालवणाऱ्याच्या खिशात. जोडीला नव्वदपट म्हटले तरी जोड्या शंभर असल्याने हिशेब तोच. जे मिळाले ते पुन्हा लावत गेले, तर सातव्या फेरीअखेर सरासरीने निम्म्याहून कमी उरते. यालाच अपेक्षित मूल्य म्हणतात आणि अभ्यासक्रमात ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच येते.

आकड्यांच्या वह्या ठेवणारे लोक आम्ही लहानपणी लालबागला पाहिले आहेत. गेल्या सहा महिन्यांचे आकडे शाईने ओळीत लिहिलेले, सात कधीपासून आला नाही याची खूण केलेली. "आता सात आलाच पाहिजे" हा त्यांचा ठाम विश्वास. प्रत्यक्षात एखादा ठरावीक आकडा सलग दहा सोडतींत न येण्याची शक्यता शंभरात पस्तीस आहे, त्यात नवल काहीच नाही. आणि अकराव्या सोडतीत तो येण्याची शक्यता दहात एक, म्हणजे पहिल्या दिवशी होती तेवढीच. आधीच्या सोडतींचा पुढच्या सोडतीशी संबंध नसतो. या संबंध नसण्याला शास्त्रात 'स्वातंत्र्य' म्हणतात. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आमचे वडील याच शब्दापायी बुडाले. तिकडे येतोच.

ईदेचा माल किती भरावा?

त्याआधी साठ्याचा प्रश्न. समजा, परळचा एक कारागीर रमजान ईदेसाठी कुर्ते शिवून ठेवतो. आकडे आमचे, समजण्यासाठी घेतलेले. कुर्त्याला खर्च ४०० रुपये, ईदेपूर्वी विक्री ६०० ला. ईदेनंतर उरलेला नग ३५० ला काढावा लागतो. मागील सहा वर्षांत मागणी अनुक्रमे लहानापासून मोठ्याकडे ८०, ९०, १००, ११०, १२० आणि १६० नगांची होती. सरासरी ११०. बहुतेक जण एवढाच माल भरतील.

अभ्यासक्रम सांगतो, सरासरीकडे नंतर पाहा. आधी दोन चुकांची किंमत लिहा. एक नग कमी पडला तर २०० रुपयांचा नफा हुकतो. एक नग उरला तर ५० रुपये जातात. २०० ला २५० ने भागले की ०.८ येतात. अर्थात शंभरपैकी ऐंशी वेळा पुरेल इतका साठा करावा. ११० नग सहापैकी चारच वर्षे पुरले असते, १२० नग पाच वर्षे. म्हणून १२० भरावेत. तसे केल्यास वर्षाची सरासरी कमाई सुमारे १९,८३३ रुपये पडते. घाबरून ८० च नग शिवले असते, तर कपाटात काही उरले नसते हे खरे, पण कमाई १६,००० वर थांबली असती.

आता शेजारचा मिठाईवाला घ्या. मागणी अगदी तेवढीच. खोक्याला खर्च ८०, विक्री १२०. परंतु ताजी मिठाई, उरली ती फुकट गेली. कमी पडल्यास ४० हुकतात, उरल्यास ८० बुडतात. ४० ला १२० ने भागले की एक तृतीयांश येतो. म्हणजे तीन वर्षांतून दोन वर्षे माल कमी पडला तरी चालेल! त्याने ९० खोकी करावीत. कमाई सरासरी ३,४००. सरासरीइतकी ११० केल्यास ३,२००. आणि कोणी बडेजावाने, गिऱ्हाईक परत जाता कामा नये म्हणून, १६० खोकी केली तर वर्षाला सरासरी उरतात फक्त ४०० रुपये. दोन शेजारी, एकच मागणी. एकाने सरासरीच्या वर जायचे आणि दुसऱ्याने खाली. आम्ही तीस वर्षे दुकान चालवले, तरी ही गोष्ट अशी कधी मांडून पाहिली नव्हती.

येथे एक खोच आहे. आपल्या वहीत विक्री लिहिलेली असते, मागणी नव्हे. माल संपल्यावर जी गिऱ्हाइके विचारून परत गेली, त्यांची नोंद कोठेच नसते. ८० नग भरले आणि ८० खपले, म्हणून मागणी ८० ची होती असे नाही. आम्ही आता गल्ल्यावर एक वेगळी चिठ्ठी ठेवतो. "नाही" म्हणावे लागले की एक रेघ. निळ्या अस्तराखाली पहिल्याच महिन्यात इतक्या रेघा झाल्या की आमच्या मुलाला आमच्यावर हसू आले.

बेचाळीस नावे

आता वडिलांची गोष्ट. १९८२ साली आम्ही सातवीत होतो. दुकान तेच, वडील गल्ल्यावर. उधारीच्या लाल वहीत बेचाळीस नावे होती. वडील हिशेबाचे पक्के. एका माणसाला फार उधार द्यायचे नाही, थोडे थोडे पुष्कळांना द्यायचे, आणि सगळे एकाच धंद्यातले नकोत, हा त्यांचा नियम. म्हणून वहीत दर्जी होते, गाद्या शिवणारा होता, छत्र्या दुरुस्त करणारा होता, आणि थोडी रोख रक्कम एका खानावळवाल्या बाईंकडेही उसनी दिलेली होती.

नियम चुकीचा नव्हता. अभ्यासक्रमात हेच शिकवतात. समजा वीस गिऱ्हाइके आहेत आणि एका महिन्यात प्रत्येकाची उधारी थकण्याची शक्यता शंभरात पाच आहे. तर सरासरीने एक थकणार. पाच किंवा अधिक एकाच महिन्यात थकण्याची शक्यता सुमारे चारशेत एक. एवढी जोखीम कोणताही दुकानदार उचलील. मात्र या हिशेबामागे एक अट दडलेली आहे. एकाचे थकणे आणि दुसऱ्याचे थकणे यांचा परस्परांशी संबंध नसावा. तेच ते 'स्वातंत्र्य'.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पगार थांबला. कामगाराने नवीन शर्ट शिवला नाही, म्हणून दर्जी थकला. गादी भरून घेणे पुढे गेले, छत्री फाटकीच वापरली. खानावळीची व्यथा आणखी वेगळी. गिरणगावातल्या बाया महिनाभर कामगारांना जेवू घालीत आणि पगाराला पैसे घेत, त्यांचे स्वतःचे धान्य वाण्याकडून उधारीवर येई. या बायांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. सावकार टळला, पण जेवणारा तोच गिरणी कामगार राहिला.

वडिलांच्या वहीत धंदे पाच-सहा होते, पगार मात्र एकच होता. बेचाळीस नावे वेगवेगळ्या खिशांची वाटत होती आणि सगळे खिसे एकाच गिरणीच्या भोंग्याला बांधलेले होते. चारशेत एकवाला हिशेब तिथे लागूच नव्हता. त्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत वहीतली बहुतेक पाने थकली. वडिलांनी कोणाच्या दारात तगादा लावला नाही, "त्यांच्याच घरात चूल नाही, माझे कोठून देतील?" असे म्हणत. अम्मीच्या बांगड्या गेल्या आणि दुकान राहिले. वडील अखेरपर्यंत समजत आले की त्यांनी माणसे ओळखण्यात चूक केली. माणसे चांगलीच होती. पुढे काहींनी पाच-सात वर्षांनी येऊन पैसे दिले.

'स्वातंत्र्य' या धड्याच्या व्याख्यानाला आम्ही थांबलो आणि ती लाल वही माळ्यावरून काढली. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहीत गेलो, याच्याकडे पैसा शेवटी कोठून येतो? बेचाळीसपैकी छत्तीस नावांपुढे एकच शब्द आला.

नंतर आजची वही उघडली. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल आले. आता आमच्या गिऱ्हाइकांत लग्नाचे कपडे शिवणारे निम्मे आहेत. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि लग्ने थांबली, तेव्हा हे निम्मे एकदम थकले होते. आम्ही त्याला तेव्हा नशीब म्हटले होते. आता शाळेच्या गणवेशाचे काम करणारे आणि इस्पितळांच्या चादरी-गाऊन शिवणारे असे काही कारखाने जाणून जोडले आहेत. त्यांच्याकडे नफा कमी सुटतो, मुलाची त्यावर कुरकुर असते. पण लग्नसराई आणि इस्पितळ एकाच दिवशी बंद पडत नाही.

पाण्याचेही असेच. हिंदमाताला दरवर्षी पाणी भरते, हे तिथल्या कापडवाल्यांना सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला त्याच दिवशी पाऊणशेच्या आसपास. तेव्हा दुकान आणि गोदाम दोन्ही एकाच सखल भागात असतील, तर दोन जागा असूनही जोखीम एकच. आणखी एक गैरसमज. "असे पाणी दहा वर्षांतून एकदा येते" म्हणजे एकदा आले की नऊ वर्षे सुटलो, असे नव्हे. दरवर्षी दहात एक शक्यता असा त्याचा अर्थ. दहा वर्षांत निदान एकदा ते येण्याची शक्यता शंभरात पासष्ट, आणि लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकते. खालच्या फळीवर कोणता माल ठेवायचा, ते यावरून ठरवावे.

कोणी करावा, कसा करावा

ज्यांना करावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. 'स्वयं' वरील अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. नाव नोंदवणे व ऐकणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. आय.आय.टी.च्या अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. भाषा इंग्रजी. मराठीतून पाया करायचा असल्यास मराठी विश्वकोशातील या विषयाच्या नोंदी वाचाव्यात. भाषा जड आहे, पण पारिभाषिक शब्द तिथे मिळतात.

अडचण एकच आणि ती लपवण्यात अर्थ नाही. विद्यापीठाचा पूर्ण अभ्यासक्रम कलनशास्त्र येते असे धरून चालतो. बारावी विज्ञान किंवा गणित झालेले नसेल, तर पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर पाटी कोरी होते. आमची झाली होती. अशांनी पहिला अर्धा भाग नीट करावा आणि उरलेला नुसता ऐकावा. या लेखातले सगळे हिशेब पहिल्या अर्ध्या भागातलेच आहेत, बेरीज, गुणाकार आणि भागाकार यापलीकडे त्यांना काही लागत नाही.

तरुणांची गोष्ट वेगळी. बारावीनंतर संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करता येते, दादरच्या शेजारी माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात हा विषय आहे, आणि पुढे एम.एस्सी.साठी मुंबई विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग कलिन्याला आहे. विमा कंपन्यांतील ॲक्च्युअरी या पेशाच्या परीक्षांनाही हाच पाया लागतो. त्या परीक्षा कठीण आहेत आणि वर्षे घेतात. ज्यांना विम्याचे काम पटत नाही, त्यांच्यासाठी इस्पितळे आणि औषधांच्या चाचण्या आहेतच. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्यांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची साधी तपासणी वर्षानुवर्षे करून पाहिली आणि त्यामुळे या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये दाखवले. ही घट केवळ योगायोगाने नाही, हे सांगणारे गणित हेच.

आणि ज्या घरात मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. झालेली आहे, त्यांनी आधी माळा शोधावा. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष वाणिज्य शाखेला गणित व संख्याशास्त्राचा जो विषय वर्षानुवर्षे होता, त्यात संभाव्यता आणि निर्णयाचे गणित ही प्रकरणे असत. आमच्या मुलाने ती पाठ करून गुण मिळवले आणि पुस्तक रद्दीत टाकले होते. रद्दीवाल्याने ते नेले नव्हते, एवढे बरे. आता ते गल्ल्याखाली, चिठ्ठीच्या शेजारी असते.